म्हातारे मांजर अंगाला हात लावू देत नाही तेव्हा...

तंजावरमध्ये तेल लावून न्हाण्याचे वार ठरलेले असतात. मंगळवार-शुक्रवार बायकांचे, बुधवार-शनिवार पुरुषांचे. तिळाचे तेल कोमट करायचे, डोक्यापासून पायापर्यंत चोळायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे आणि मग शिकेकाई लावून ऊन पाण्याने न्हायचे. आपल्याकडे दिवाळीत होणारे अभ्यंग तिथे आठवड्याचे. पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरांनाही हे वार परके नाहीत.

अशा एखाद्या घरात सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, की कुणाची तरी नजर ओसरीवरच्या मांजराकडे जाते. मांजर चौदा-पंधरा वर्षांचे. एके काळी चकचकीत असलेले अंग आता राठ झालेले, कमरेवर केसांच्या गुठळ्या, शेपटीखाली मळलेले. जवळ गेले की वासही येतो.

‘आजी, मनीलाही आज न्हाऊ घालू या का गं?’ नात विचारते.

‘नको गं बाई. मागच्या खेपेला तुझ्या मामाचा हात फाडलाय तिनं.’

तरीही बादली येतेच. एकाने मानगूट धरायची, दुसऱ्याने पाय, तिसऱ्याने तांब्याने पाणी ओतायचे. मिनिटभरात धरणाऱ्यांचे हात रक्ताळतात. मांजर ओल्या अंगाने कपाटाखाली शिरते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर येत नाही. ‘म्हातारपणी फार खोडसाळ झाली आहे,’ असा शिक्का तिच्यावर बसतो.

बहुतेक वेळा हा शिक्का चुकीचा असतो. पंधरा वर्षे मांडीवर बसणारे मांजर उगाच चावरे होत नाही. जिथे हात लावला की ते चावते, तिथे त्याला दुखत असण्याची शक्यता फार मोठी असते. आणि जिथे दुखते, तिथलेच अंग त्याला स्वतःला चाटून साफ करता येत नाही. मळ आणि राग ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत. हे लक्षात आले, की बादली बाजूला ठेवावीशी वाटते.

जीभ नावाचा कंगवा

तरुण, धडधाकट मांजराला माणसाने आंघोळ घालण्याची सहसा गरजच नसते. ते जागेपणीचा जवळजवळ पाव वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात, असे अमेरिकेतील ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. काटे लाळ शोषून घेतात आणि ती थेट कातडीपर्यंत नेऊन सोडतात. म्हणजे वेंगुर्ल्याचे असो वा तंजावरचे, प्रत्येक मांजर स्वतःचा कंगवा आणि स्वतःचे पाणी जन्मतःच घेऊन येते.

ही लाळ वाळताना अंग थंडही करते. कावेरीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, हवा दमट असते. चाटणे थांबलेल्या म्हाताऱ्या मांजराला तिथे मळाबरोबर उकाडाही सोसावा लागतो.

पाण्याचे वावडे मात्र खरे. मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशातला रानमांजर. आतली मऊ लव एकदा भिजली की अंग जड होते, लवकर वाळत नाही आणि गारठते. देवळातला हत्ती माहूताने अंग घासायला घेतले की खुशाल कुशीवर पडून राहतो. त्या मोजमापाने मांजराला मोजण्यात अर्थ नाही.

तंजावरची गोष्ट निघाली आहे तर हेही सांगायला हवे, की जनावरांच्या देखभालीची विद्या त्या शहराला नवी नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालवली. तिथे माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे तयार होत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आणि अश्वशास्त्रावरच्या सचित्र पोथ्या आहेत. हत्ती आणि घोडा राजाच्या कामाचे, म्हणून त्यांचे शास्त्र झाले. मांजर गृहिणीच्या कामाचे. भाताच्या या मुलखात कणग्यांतल्या उंदरांचा बंदोबस्त त्याने करायचा, पण त्याचे दुखणेखुपणे ज्याने त्याने आपल्या अकलेने पाहायचे! आता स्थिती बदलली आहे. सरफोजीराजांनी यात्रेकरूंसाठी जिथे मुक्तांबाळ छत्रम बांधले, त्या तंजावरजवळच्या ओरत्तनाडू गावातच २०१२ सालापासून सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

आधी दुखणे, मग मळ

म्हाताऱ्या मांजराचे अंग अचानक कळकट दिसू लागले, तर पहिली फेरी न्हाणीघराकडे नव्हे, डॉक्टरांकडे व्हायला हवी. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा शंभरातल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. त्यातल्या फारच थोड्यांच्या मालकांना याची कल्पना असेल, कारण मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त काही गोष्टी करायचे सोडून देते. फडताळावर एका उडीत चढणारी मनी आधी स्टुलावर चढते, मग थांबते, मग पुढे जाते. काही दिवसांनी फडताळावर जातच नाही. मान वळवून कंबर चाटणे हीसुद्धा तिच्यासाठी कसरत असते. म्हणून गुठळ्या नेमक्या कमरेवर आणि मांड्यांच्या मागे होतात.

दातांचे दुखणे असले तरी चाटणे थांबते. तोंडाला घाण वास, एका बाजूने चावणे, लाळ गळणे ही त्याची लक्षणे. भरपूर खाऊनही मांजर रोडावत असेल आणि बेचैन, चिडचिडे झाले असेल, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार असू शकतो. पाणी फार पिऊ लागले तर मूत्रपिंडे किंवा मधुमेह तपासावा लागतो. यांपैकी बरेच विकार औषधांनी आटोक्यात राहतात. दुखणे कमी झाले की कित्येक मांजरे पुन्हा स्वतःचे अंग चाटू लागतात आणि कंगव्याचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

खाण्याचाही प्रश्न आहे. शाकाहारी घरातले मांजर दहीभातावर वाढते आणि वरवर धडधाकट दिसते. पण मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसाशातूनच मिळते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय यांवर परिणाम होतो, आणि प्रथिनांच्या कमतरतेने केस निस्तेज होतात. घरात मासमटण चालत नसेल तर मांजरासाठीचे तयार खाद्य हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

एक इशारा मात्र ठळकपणे लक्षात ठेवावा. दुखते आहे म्हणून माणसाची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. याच कारणाने फिनेल, जखमा धुण्याची उग्र जंतुनाशके, निलगिरीचे तेल, कापूर यांपैकी काहीही त्याच्या अंगाला लावू नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही पावडरींत आणि थेंबांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, मांजराला त्याने झटके येतात आणि ते दगावू शकते. तिळाचे तेल विषारी नाही, पण चोळलेले सगळे तेल शेवटी मांजराच्याच पोटात जाणार. तेव्हा घरातला अभ्यंगाचा वार मनीला लागू नाही.

दोन मिनिटांचे काम

डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावर घरी काय करायचे? रोज थोडे, आणि मांजराच्या मर्जीने.

वेळ निवडावी ती त्याचे पोट भरलेले असताना, ते आपणहून ओसरीवर किंवा उन्हाच्या तुकड्यात पडलेले असताना. त्याला उचलून दुसरीकडे नेऊ नये. आपणच शेजारी बसावे. हात प्रथम गालावर, हनुवटीखाली, कानांच्या मुळाशी फिरवावा, कारण तिथे स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो. मग विरळ, बोथट दातांचा धातूचा कंगवा मानेपासून खांद्यापर्यंत, केसांच्या दिशेने, दोन-तीनदा. पहिल्या दिवशी एवढेच. कंबर आणि मांड्या अगदी शेवटी, कित्येक दिवसांनी.

मांजर चावण्यापूर्वी पुष्कळ सांगून पाहते, आपले लक्ष नसते इतकेच. शेपटीचे टोक आपटू लागते, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, बुबुळे मोठी होतात. यांतले पहिले चिन्ह दिसताच हात थांबवावा. ‘एवढी एक गाठ काढते आणि सोडते’ या मोहात पडणारीचाच हात रक्ताळतो. मानगूट धरण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. मांजरी पिलाला तसे उचलते ते पिलू लहान आणि हलके असताना. मोठ्या मांजराला त्याने भीती वाटते आणि दुखरे सांधे ताणले जातात. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ सालच्या मार्गदर्शनात मानगूट धरू नये असेच सांगितले आहे.

गुठळीला कात्री लावण्याची चूक तर हमखास होते. म्हाताऱ्या मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गुठळीबरोबर वर ओढली जाते. केस कापतो आहोत असे वाटते आणि कातडी कापली जाते. लहान गुठळीत चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून ती बोटांनी हळूहळू सोडवून पाहावी. मुळाशी बोटांनी केस धरून ठेवावेत, म्हणजे कातडी ओढली जात नाही. जमली नाही तर, किंवा गुठळ्या एकमेकींत मिसळून त्याची चटईच झाली असेल तर, डॉक्टरांकडून मशिनने काढून घ्यावी. गरज पडल्यास ते गुंगीचे औषध देतात. त्यासाठी म्हाताऱ्या जनावराचे रक्त आधी तपासावे लागते.

मळलेल्या भागासाठी कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके पुरते. जुन्या मऊ धोतराचा तुकडा उत्तम. मांजर जीभ फिरवते तसे लहान लहान हात मारावेत आणि कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावे. उन्हाळ्यात असे ओले फडके पाठीवरून फिरवले की अंग साफ होते आणि गारवाही मिळतो. शेपटीखालचा भाग पुन्हा पुन्हा मळत असेल, तर घाणीची पेटी फार उंच आहे का ते पाहावे. दुखऱ्या पायांनी चढून जाण्यापेक्षा मांजर काठावरच उरकते. एक बाजू बुटकी असलेली पसरट पेटी ठेवली की कितीतरी फरक पडतो.

नखे दर पंधरवड्याला तपासावीत. म्हातारपणी ती झिजत नाहीत, जाड होऊन वळतात आणि तळव्याच्या गादीत रुततात. एका बैठकीत एक-दोन नखांची टोके काढली तरी पुरे.

पाणी घालावेच लागले तर

अंगावर रॉकेल, रंग, वंगण असे काही सांडले, किंवा जुलाबाने मांजर पूर्ण बरबटले, तर न्हाऊ घालण्यावाचून गत्यंतर नसते, कारण ते चाटले तर पोटात जाईल. अशा वेळी प्रथम डॉक्टरांना विचारावे. मग पसरट टपात चार बोटे कोमट पाणी घ्यावे आणि तान्ह्या बाळासाठी पाहतो तसे कोपराने पाहावे. तंजावरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी चटका लागण्याइतके तापते. तळाशी जाड टॉवेल घालावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. घसरण्याची भीती हीच मांजराची निम्मी भीती. पाणी मगाने हळू घालावे, डोक्यावर मुळीच नको. नळाची धार आणि फवारा टाळावा. साबण मांजरासाठी असलेलाच वापरावा आणि पूर्ण धुऊन काढावा.

नंतर दोन-तीन टॉवेलांत गुंडाळून अंग टिपायचे, घासायचे नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत वाऱ्यापासून दूर, उबेत ठेवायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तंजावरच्या मोठ्या पावसाच्या महिन्यांत तर हे फार जपावे. आंघोळीनंतर मांजराने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहत बसू नये. उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो.

आणि एवढे करूनही चावले किंवा बोचकारले तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराच्या सुळ्यांची जखम वरून टाचणीएवढी दिसते, आत खोल असते आणि लवकर चिघळते. आपल्या देशात रेबीजचा धोका आहे, तेव्हा लस घ्यायची की नाही हे आपल्या मनाने ठरवू नये. घरच्या मांजराला दरवर्षी रेबीजची लस टोचून घेतलेली असली, तर हात आणि मांजर दोघांचीही काळजी कमी होते.

आजीने मनीला मांडीवर ओढू नये. शेजारी बसावे, कंगवा तिला हुंगू द्यावा. तिने त्यावर गाल घासला तर उजवी बाजू विंचरावी. ती उठून गेली, तर डावी उद्या.