वाईन म्हणजे द्राक्षाचा रस नव्हे

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना द्राक्षाचे कौतुक सांगायला नको, आणि वाईनही आपल्याकडे नवी नाही. १९८० च्या दशकात नारायणगावात इंडेज कंपनीने फेसाळणारी वाईन तयार केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. गावाचे नाव झाले. २००८ च्या मंदीनंतर मात्र ही कंपनी कर्जात बुडाली. धंद्यात असे चढउतार व्हायचेच. आरोग्याच्या दृष्टीने खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: वाईन 'औषधी' म्हणून खपवण्याची रीत पडली आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घरोघरी पोहोचले. शेजारच्या पारनेर तालुक्यातून, राळेगणसिद्धीहून, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि पुढे निर्णय बारगळला. वाक्य मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

ते कितपत खरे, हे मापाने पाहू. द्राक्षरसातील साखर यीस्ट खाते आणि तिचा मद्यार्क बनवते. साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क झाला की काम थांबते. व्हिस्की, रममध्ये तो ४२.८ टक्के असतो, म्हणून वाईन 'सौम्य' वाटते. पण वाईन कोणी ३० मिलिलिटर पीत नाही. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात १८ मिलिलिटर मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या छोट्या पेगात तो १३ मिलिलिटर असतो. आपल्याकडचा स्टीलचा पेला भरून घेतला तर जवळजवळ दोन पेग झाले! यकृताला तो मद्यार्क द्राक्षाचा की मळीचा, हे कळत नाही.

मग 'लाल वाईन हृदयाला चांगली' हे कोठून आले? १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरदर्शन कार्यक्रमात सांगितले गेले की, फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि त्याचे श्रेय लाल वाईनला असावे. तिकडे लाल वाईनचा खप वाढला. थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी, असे काही पाहण्यांतही दिसले. पण त्यातली गोम नंतर उघड झाली. 'न पिणाऱ्यां'च्या यादीत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही धरले होते. आजाऱ्यांशी तुलना केल्यावर पिणारे धडधाकट दिसणारच.

द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल या द्रव्याचाही बराच गाजावाजा झाला. प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅम दिले जाते. वाईनच्या लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. शिवाय सालीसकट द्राक्ष खाल्ले तरी ते मिळतेच. (मधुमेह्यांनी मूठभरावर थांबावे, साखर द्राक्षातही आहेच.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेये कर्करोगकारक ठरवली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांना धोका आहे. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर अगदी थोड्या प्रमाणानेही वाढतो. असे असताना 'हलकी, गोडसर, बायकांसाठी' म्हणून वाईन पुढे करावी, याला काय म्हणावे?

शेतकऱ्याच्या हिताचा मुद्दाही तपासून घ्यावा. वाईनला लागतात बारीक मण्यांची, बियांची, जाड सालीची वाणे. आपण पेटीत भरतो ती टपोरी काळी जंबो खाण्याची द्राक्षे आहेत. वाईनचा खप वाढला म्हणून त्यांचा भाव वाढत नाही.

दवाखान्यात 'दारू घेता का?' असे विचारले की अनेक जण बिनदिक्कत 'नाही' म्हणतात, कारण वाईन त्यांच्या हिशोबात नसते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर वाईननेही एकदम उतरू शकते. क्षयाची औषधे चालू असतील तर यकृतावर दुहेरी ताण येतो. झोपेच्या गोळीबरोबर ती घेतली तर गुंगी वाढते. गरोदरपणी एक घोटही नको. तेव्हा डॉक्टरांनी विचारले तर वाईनचेही सांगावे, आणि किती ग्लास तेही.