घाटाखालचं इंजिन

खोपोलीत जुन्या हायवेवरच्या गॅरेजात एखादी डिझेल स्विफ्ट दोरीने ओढत आणली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टर्बो गेला." मुरलेला मिस्त्री त्यावर लगेच मान डोलवत नाही. डिपस्टिक काढतो, तेल दोन बोटांत चोळून बघतो आणि वाकून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरकडे नजर टाकतो. "गेला असंल शेठ, पण कशानं गेला ते बघू आधी."

हा प्रश्न या भागात विचारला जावा हे साहजिक आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर, लोणावळा सुमारे 620 मीटरवर, आणि मध्ये बोरघाट. 1863 मध्ये रेल्वे हा घाट चढली ती 37 फुटांमागे एक फूट अशा चढावर. आजही वर जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. मोटारीला असा ढकलणारा मिळत नाही. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकून ती आपल्याच बळावर चढते. टर्बो हाच तिचा बँकर.

इथल्या गॅरेजांत सगळ्यात जास्त हाताळल्या गेलेल्या इंजिनांपैकी एक म्हणजे फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट. 2003 साली ते युरोपात आलं. 1,248 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. मारुतीने 2007 मध्ये ते डीडीआयएस नावाने स्विफ्टमध्ये घातलं, टाटांनी क्वाड्राजेट म्हणून इंडिका व्हिस्टात. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यातही ते बनायचं. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं, की गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि मारुतीने डिझेलच सोडलं. तरी रस्त्यावर ही इंजिनं चिक्कार आहेत. सुट्या भागांची ददात नाही, म्हणूनच कमी पैशांत इंजिन पुन्हा बांधायचं तर यासारखा गडी नाही.

टर्बोचं काम सोपं आहे. सायलेन्सरातून वाया जाणारा गरम वायू एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने याचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. खोपोलीला चाकांचं नवल नाही. टाटांच्या वीजकेंद्रात 1915 पासून घाटावरच्या तलावांचं पाणी टर्बाइनं फिरवतं आहे. फरक वेगाचा. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो, आणि तो बेअरिंगवर नाही, बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल वेगळं नसतं. इंजिनाचंच, त्याच चेंबरमधलं, तीन लिटरांच्या आसपास. एवढंसं तेल इंजिन, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि टर्बो, तिघांनाही पोसतं. बदलायला उशीर झाला की पहिला बळी बहुधा टर्बोचा जातो, पण गुन्हा तिथला नसतो.

म्हणून पैसे कुठे घालायचे हा सगळा खेळ. मालकाचा कल 'हाफ इंजिन'कडे असतो, म्हणजे ढोबळमानाने रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं. क्रँकला हात लावायचा नाही. धूर थांबतो, गाडी पळते, आणि काही महिन्यांत खालून ठोका येतो. क्रँकच्या बेअरिंगमधली फट वाढली असेल तर तेल तिथूनच निसटतं आणि वर टर्बोपर्यंत दाब पोहोचत नाही. नवा टर्बो बसवूनही तो दुसऱ्यांदा जातो तो असा. माझ्या मते ज्याच्याकडे मोजके पैसे आहेत त्याने आधी लेथवाल्याकडे जावं. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्यावा, सिलिंडर किती झिजला, किती लंबगोल झाला ते बघावं, हेड सपाट आहे का तपासावं. मोजमापाला खर्च किरकोळ येतो, आणि पुढचा प्रत्येक रुपया कुठे जाणार ते त्यावरच ठरतं. ब्लॉक बिडाचा असल्याने बोअर करून घेता येतो, ही मोठीच सोय. ऑइल पंप आणि चेनचा संच मात्र जुना ठेवू नये. इथे वाचवलेला पैसा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले की व्याजासकट जातो.

एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी. चेंबर बसवताना सिलिकॉन लावतात. नवशिक्या पोऱ्या ते भरपूर लावतो, कारण गळती दिसली तर ओरडा खावा लागतो. बोल्ट आवळले की जादाचं सिलिकॉन आत फुगतं, सुकल्यावर त्याचे तुकडे सुटतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. बाहेरून थेंब गळत नाही, आत टर्बो कोरडा. चांगला मिस्त्री सिलिकॉनची रेघ बारीक ओढतो, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि जाळी उजेडाकडे धरून बघतो.

टर्बो अख्खा न घेता फक्त त्याचा कोर, म्हणजे दांडा, चाकं आणि बेअरिंगांचा मधला भाग बदलला तर बरेच पैसे वाचतात. अट एकच, कोर मशीनवर बॅलन्स केलेला हवा. दोन लाख फेऱ्यांवर अंगठ्याचा अंदाज चालत नाही. त्याचबरोबर तेलाचा फीड पाइप नवा घ्यावा, कारण जुन्यात जळक्या तेलाचे खवले असतात. इंटरकूलर धुऊन घ्यावा. तुटलेल्या पात्याचे तुकडे आणि साचलेलं तेल तिथे दडून बसतात. ते तेल इंजिनाने ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही, स्वतःच्याच तेलावर किंचाळत सुटतं. ज्याने हे एकदा पाहिलं तो इंटरकूलर धुवायला विसरत नाही.

आता ताकदीचं. या इंजिनाची दोन रूपं रस्त्यावर आहेत: साध्या टर्बोचं 75 अश्वशक्तीचं, आणि पाती हलणाऱ्या टर्बोचं 90 चं. गॅरेजातली मोठी पोरं ईसीयू रिमॅप करून 75 चं 100 करायच्या गप्पा मारतात. सपाट रस्त्यावर मजा येते, खोटं कशाला बोला. पण पाच माणसं, एसी आणि घाट एकत्र आले की जादाचं डिझेल एक्झॉस्टचं तापमान वाढवतं, आणि वितळायला लागतात ते पिस्टन आपल्याच खिशातले. हलत्या पात्यांचा टर्बो काजळीने अडकतो, दुरुस्तीही महाग. कमी पैशांत टिकाऊ इंजिन हवं असेल तर 75 चं घ्यावं, बूस्ट कंपनीने ठेवला तेवढाच ठेवावा. कंपनीच्या 190 न्यूटन मीटर टॉर्कवर बोरघाट तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढतो. इंजेक्टर बेंचवर तपासून घेतले आणि होजच्या क्लॅम्पमधली हवेची गळती काढली, तर बऱ्याच 'पिकअप नाही'च्या तक्रारी तिथेच मिटतात.

बांधून झालं की चावी फिरवायची घाई नको. टर्बोच्या फीडच्या भोकात तेल ओतायचं, चाक बोटाने फिरवायचं, मग डिझेल तोडून स्टार्टर थोडा थोडा मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पहिले हजार किलोमीटर घाट वर्ज्य. कर्जत, चौक, पेण अशा बाजूला फिरवावी, वेग कमीजास्त करत. मग तेल आणि फिल्टर बदलायचे, जुन्या तेलात चुंबक फिरवून बघायचं.

त्यानंतर घाट. वर पोचल्यावर चिक्कीसाठी गाडी कडेला घेतली की लोक लगेच चावी काढतात. तापलेल्या टर्बोतलं तेल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, एकाने उतरून चिक्की घ्यायला तेवढा वेळ लागतोच.