सहाचाकीची पारख वळणावर

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत दलदल, ओढे, बर्फ आणि झाडीतल्या वाटा तुडवत हिंडण्यासाठी सहा चाकांची एक छोटी उभयचर गाडी साठेक वर्षांपासून वापरात आहे. तळ होडीसारखा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर, आत दोन-चार माणसांपुरती जागा. जमीन संपली की तशीच पाण्यात उतरायची आणि पलीकडच्या काठाला चढायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात बनलेली ‘जायगर’ ही या जातीतली आद्य गाडी मानली जाते. १९६७ मध्ये ‘आर्गो’ आली आणि ती आजही बनते. अमेरिकेत बफेलो शहरातली ‘मॅक्स’ प्रसिद्ध होती. नवी गाडी महाग पडते, म्हणून केवळ हौसेसाठी घेणारे बहुतेक लोक जुनी शोधतात आणि पहिले प्रश्न विचारतात ते इंजिनाबद्दल: एका झटक्यात सुरू होते का, तासमापकावर किती तास झाले? माझ्या मते ही पारख चुकीच्या टोकाकडून सुरू होते. इंजिन हा या गाडीचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. तिचे उरलेले आयुष्य ठरते ते ती वळते कशी यावर, आणि तिचे एक्सल जिथे तळातून बाहेर पडतात त्या जागांवर. याचे कारण तिच्या पदार्थविज्ञानात आहे.

या गाडीची चाके डावी-उजवीकडे वळत नाहीत. मोटारीत पुढची चाके तिरकी होतात. इथे सहाही चाके कायम सरळच राहतात. वळायचे तर एका बाजूची चाके थांबवायची किंवा मंद करायची आणि दुसऱ्या बाजूची फिरवत ठेवायची. रणगाडा वळतो तो याच तत्त्वावर. पण गाडी स्वतःभोवती फिरू लागली की पुढची आणि मागची चाके जमिनीवर आडवी फरफटतात, आणि त्या फरफटीचे मोल यंत्रणेला मोजावे लागते. ढोबळ गणित करून पाहू. गाडी आणि दोन माणसे मिळून ५४० किलो वजन धरले, तर तीन एक्सलांपैकी प्रत्येकावर १८० किलो भार येतो. कोरड्या मातीवर घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर पुढची आणि मागची जोडी आडवी सरकवायला प्रत्येकी १०८ किलोचा जोर लागतो. एक्सलांमधले अंतर ६० सेंटिमीटर आणि दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर हा विरोध मोडण्यासाठी एका बाजूच्या चाकांना पुढे आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना मागे, प्रत्येकी सुमारे १०८ किलोचा जोर लावावा लागतो. मऊ जमिनीवर सरळ जाताना लागणारा जोर एकूण वजनाच्या दहा टक्के धरला, तरी तो एका बाजूला २७ किलो भरतो. म्हणजे वळण हे सरळ चालीच्या चौपट कष्टाचे काम आहे, आणि झाडीतली वाट तर वळणांचीच असते.

हा जोर सोसतात गिअरबॉक्स, ब्रेक आणि साखळ्या. आर्गोच्या नेहमीच्या रचनेत मध्ये डिफरन्शियल असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना डिस्कब्रेक असतात. डावीकडचा लिव्हर ओढला की डावी बाजू थांबते आणि उजवी दुप्पट वेगाने फिरते, कारण दोन टोकांच्या वेगांची सरासरी कायम राहणे हा डिफरन्शियलचा धर्मच आहे. पण वेग वाटून देणारे हे यंत्र पीळ मात्र दोन्हीकडे सारखाच पाठवते. त्यामुळे थांबलेल्या बाजूच्या ब्रेकला इंजिनाकडून आलेला पीळ रोखावा लागतो आणि जमीन त्या चाकांना पुढे रेटते तो जोरही पेलावा लागतो. वरच्या उदाहरणात हे दोन्ही सारखेच असल्याने त्या ब्रेकवर बाहेरच्या चाकांच्या दुप्पट पीळ येतो. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात की आधी कोरड्या मोकळ्या जागेत ती डावीकडे आणि उजवीकडे संथपणे वळवून पाहा. दोन्ही लिव्हरना लागणारा जोर सारखा हवा. एक लिव्हर शेवटपर्यंत ओढूनही गाडी आळसावल्यासारखी वळत असेल, तर ब्रेकची झीज झालेली आहे. कटकट किंवा धक्के जाणवले तर साखळी सैल आहे किंवा दातेरी चक्रांचे दात झिजलेले आहेत. मॅक्समधला गिअरबॉक्स वेगळ्या जातीचा आहे. त्यात आवळले जाणारे पट्टे असतात आणि त्यांचा ताण वेळच्या वेळी जुळवावा लागतो. मात्र वळवून पाहण्याची कसोटी त्यालाही तितकीच लागू पडते.

साखळीची झीज डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. समजा कड्यांमधले अंतर १५.८७५ मिलिमीटर आहे. मग ताणून धरलेल्या २४ कड्यांची लांबी नवी असताना ३८१ मिलिमीटर भरते. ती ३८९ च्या आसपास गेली असेल, तर साखळी दोन टक्के लांबली आहे आणि ती बदलण्याचा विचार करायला हवा. साखळीने लांबी धरली की ती दातांवर नीट बसत नाही आणि दातही खाऊ लागते. त्यामुळे एकट्या साखळीचा खर्च धरून केलेला हिशेब पुढे हमखास वाढतो.

आता पाणी. ५४० किलोची गाडी तरंगायला ५४० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे काम एकटा तळ करत नाही. ५६ सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर रुंदीचा टायर साधारण ६० लिटर जागा व्यापतो, म्हणजे सहाही टायर निम्मे बुडाले तर गाडीचा एक तृतीयांश भार तेच उचलतात. पाण्यात वल्ह्यांचे कामही हेच टायर करतात. वेग मात्र माणसाच्या चालीएवढा, ताशी चार-पाच किलोमीटर. खरी कमजोर जागा आहे ती तळाला एक्सलसाठी पाडलेल्या सहा भोकांची. तिथली बेअरिंगे आणि ऑइल सील पाण्याच्या पातळीखाली जातात. चालून तापलेले बेअरिंग थंड ओढ्यात उतरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. पाणी ग्रीसमध्ये मिसळते, गंज धरतो, आणि पुढच्या मोसमात चाक डुलू लागते. म्हणून प्रत्येक चाक जमिनीपासून उचलून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावे. गिअरबॉक्समधले तेल काढून बघावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. शेवटी गाडी उथळ, शांत पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून आत किती पाणी साचते ते पाहावे. पाणी उपसणारा पंप गाडीत असणे ही सोय आहे. तो सारखा चालू ठेवावा लागत असेल तर तो गळतीचा पुरावा आहे.

तळ बहुधा उच्च घनतेच्या पॉलिथिलिनचा असतो. हे प्लॅस्टिक कडाक्याच्या थंडीतही चिवट राहते, पण त्याला जवळपास कोणताही गोंद धरत नाही. त्यामुळे तड्यावर लेप थापलेला दिसला तर तो तडा बुजलेला नाही असे समजावे. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने वितळवून केलेला जोड मात्र टिकतो.

यावर कोणी म्हणेल की तासमापकाला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण अपुरा. इंजिन किती वेळ चालले तेवढेच तास सांगतात. त्यातले किती तास सपाट शेतावर गेले आणि किती चिखलात वळणे घेत गेले, हे त्यांना सांगता येत नाही. कमी तासांची पण पाण्यातून काढून ग्रीस न भरता कोठारात ढकललेली गाडी जास्त तासांच्या, नीट राखलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. बहुतेक गाड्यांत कारखानदारी जातीची साधी पेट्रोल इंजिने असतात. ती दुरुस्त करणारे आणि तसेच दुसरे इंजिन विकणारे मिळतात. गिअरबॉक्सचे तसे नाही. १९७० च्या आसपास उत्तर अमेरिकेत अशा गाड्या बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या होत्या, त्यांतल्या बहुतेक लवकरच बंद पडल्या आणि त्यांच्या गाड्यांना आज सुट्या भागांचा आधार उरलेला नाही. आर्गो टिकली आणि तिच्यामागे ऑन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर ही मुळात गिअर बनवणारी कंपनी आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हौसेसाठी दलदलीत गाडी घालावीच का? टायरमध्ये हवा जेमतेम तीन पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलो असते. उभ्या माणसाच्या तळव्याखाली साधारण तेवढाच दाब पडतो. विक्रीच्या माहितीपत्रकांत हे अभिमानाने सांगतात आणि सरळ चालीपुरते ते खरेही आहे. पण वर पाहिलेली आडवी फरफट दलदलीतले शेवाळ आणि मुळे सोलून काढते. तेव्हा आखलेल्या वाटा सोडू नयेत आणि जागच्या जागी गिरक्या घेऊ नयेत, एवढे बंधन मालकाने स्वतःवर घालायलाच हवे. तळात साचलेले पाणी दुसऱ्या तळ्यात नेणेही घातक आहे. उपद्रवी झेब्रा शिंपला १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या परिसरात आढळला आणि पुढे पाण्यातून पाण्यात पसरत गेला. २०२२ पासून ऑन्टारिओत होडी रस्त्याने नेण्यापूर्वी बुचे काढून पाणी सोडणे आणि ती स्वच्छ करणे बंधनकारक आहे. सहाचाकीलाही तोच शिरस्ता लावावा. वाटेची रुंदीही आधी विचारून घ्यावी. अमेरिकेच्या वनखात्याच्या अनेक वाटा ५० इंचांपर्यंतच्या वाहनांनाच खुल्या आहेत आणि यातल्या बऱ्याच गाड्या त्याहून रुंद असतात.

ऑन्टारिओत किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या कोणा मराठी वाचकाच्या मनात अशी गाडी असेल, तर त्याला एवढेच सुचवावेसे वाटते: पैशांची बोलणी करण्याआधी ती दोन्हीकडे वळवून पाहा, चाके हलवून पाहा आणि पाण्यात उतरवून पाहा. विक्रेता पाण्यात उतरवू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.