ढेकूळ पाण्यात टाकून पाहा

मागच्या वेळी आपण बांध आणि समपातळीतली पेरणी यांवर बोललो. ही कामं वाहत्या पाण्याला अडवतात. आज प्रश्न मातीकडून विचारू. पावसात मातीचा कण सुटतोच का?

उदाहरण पूर्णा खोऱ्याचं घेऊ. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, म्हणून शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर. जमीन काळी, खोल, बरीचशी सपाट. सपाट जमिनीतून माती कशी जाईल, असं कुणालाही वाटेल. पण इथल्या पुष्कळ जमिनी चोपण आहेत. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, आणि त्यामुळे ते ओले झाले की एकमेकांपासून लांब सरकतात. वरची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, साचतं, मग गढूळ होऊन नाल्याकडे निघतं. त्या गढूळपणातच आपला स्फुरद जातो, कारण तो बारीक कणांना धरून असतो.

इथे जिप्सम कामाला येतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं आणि कण पुन्हा गोळा होतात. कुणी म्हणेल, आमच्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे, म्हणजे कॅल्शियम आहेच की! आहे, पण चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जिप्सम लिटरला साधारण 2.5 ग्रॅम विरघळतं. सगळा फरक तिथे आहे.

पण जिप्समची पोती आणण्याआधी एक गोष्ट करा. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात, अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं, तर कमतरता सेंद्रिय पदार्थाची आहे. तिथे शेणखत, कंपोस्ट, ताग किंवा धैंचा गाडणं हाच उपाय. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला, तर सोडियमची शंका घ्या आणि माती परीक्षण करून जिप्समची मात्रा ठरवा. पाणी मात्र विहिरीचं नको. खारं पाणी कणांना स्वतःच धरून ठेवतं, त्यामुळे परीक्षा फसते. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून खरा दोष पावसातच उघडा पडतो.

शेणखत सांगणं सोपं आहे, हे आम्हालाही कळतं. गोठे रिकामे झाले, मिळेल ते खत महाग. मग निदान पऱ्हाटी जाळू नका. बारीक करून रानातच पसरा. आणि शेणखत घातलंच तर पावसाआधी वखराने मातीत मिसळा, वर पडलेलं खत पहिल्याच सरीत वाहून जातं.

नत्राचं गणित वेगळं आहे. नायट्रेट पाण्यात विरघळूनच जातं, त्याला जिप्सम धरत नाही. तिथे युरिया एकदम न देता हप्त्यांनी देणं उपयोगी.

जिप्सम उन्हाळ्यात पसरून वरच्या थरात मिसळावं. मग पावसाने सुटलेला सोडियम खाली किंवा बाहेर जायला वाट लागते. ज्या रानात पाणी आठवडाभर तुंबतं, तिथे आधी चर काढा. नाहीतर सुटलेला सोडियम तिथेच राहतो, आणि जिप्समचा खर्च पाण्यात.