मज्जाविकारांवरील औषधे : मोफत गोळी आणि सुरक्षित उपचार

जयपूरच्या दक्षिणेकडील सीतापुरा औद्योगिक वसाहतीत रत्ने, आभूषणे व तयार कपड्यांचे उद्योग आहेत. याच परिसरात महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. येथील रत्नांना पैलू पाडणाऱ्या एखाद्या कारागिराला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पापण्या मिटू लागल्या, तर त्याचा रोजगारच धोक्यात येतो. ही मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकाराची लक्षणे असू शकतात.

उपचाराचे स्वरूप

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतू व स्नायू यांच्या जोडावर हल्ला चढविते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या आवरणावर. म्हणून प्रेडनिसोलोन, अॅझाथायोप्रिन, रिटुक्सिमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती शमविणारी औषधे दिली जातात. तथापि, जी शक्ती रोग निर्माण करते, तीच जंतूंपासून रक्षणही करते. हाच या उपचारातील पेच होय.

दक्षता कोणती?

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आढळतात. त्यामुळे उपचारापूर्वी सुप्त क्षयाचा शोध महत्त्वाचा ठरतो. रिटुक्सिमॅबमुळे सुप्त हिपॅटायटिस-बी पुन्हा उफाळू शकतो. म्हणून त्याची तपासणी आधी करावी लागते. अॅझाथायोप्रिन घेताना पांढऱ्या पेशी व यकृताची तपासणी प्रारंभी वारंवार, पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी आवश्यक असते. एनयूडीटी-१५ या जनुकातील बदल आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो. अशा व्यक्तींमध्ये नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. प्रेडनिसोलोनमुळे रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात. परंतु दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकाएकी थांबविणेही घातक असते. या उपचारात सजीव लसीही सामान्यतः टाळल्या जातात.

अर्थशास्त्रीय बाजू

राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना व ७ एप्रिल २०१३ पासून मोफत तपासणी योजना सरकारी रुग्णालयांत सुरू केली. या क्रमातच महत्त्वाचा धडा आहे : तपासणीविना औषध म्हणजे अर्धाच उपचार. तरीही प्रवासखर्च व बुडालेली मजुरी रुग्णावरच पडते. तीन महिन्यांची तपासणी चुकते ती बहुधा याच कारणाने; आणि त्यातून उद्भवलेल्या संसर्गाचा खर्च वाचविलेल्या मजुरीच्या कित्येक पट असतो.

२०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्णही दुष्परिणाम कळवू शकतात. औषधाची उपलब्धता हे सार्वजनिक आरोग्याचे पहिले पाऊल आहे. निवासाजवळ नियमित तपासणी मिळणे हे दुसरे. दुसऱ्याविना पहिले पाऊल अपुरेच राहील.