फ्रिजमधले नमुने

डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. चेन्नईतल्या मराठी घरात जन्म, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. ‘एड्स हा परदेशी रोग’ असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं, तेव्हा त्यांनी निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने जमले. ठेवायची धड सोय नाही, म्हणून ते निर्मला यांच्या घरच्या फ्रिजमध्ये गेले. 1986 मध्ये वेल्लोरला तपासणी झाली आणि सहा एचआयव्हीबाधित निघाले. देशातली ही पहिली नोंद.

1993 मध्ये डॉ. सुनीती यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन केंद्र काढलं. 9 देशांतल्या 1763 जोडप्यांवरच्या ‘एचपीटीएन 052’ चाचणीत हे केंद्र होतं, पुण्याची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्थाही होती. 2011 चा निष्कर्ष : बाधिताला लवकर औषधं सुरू केली, तर जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो.

डॉ. सुनीती यांना पद्मश्री 2017 मध्ये, मरणोत्तर. फारच उशीर!

आज जालन्यासह महाराष्ट्रातल्या सरकारी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. हेल्पलाइन : 1097.