स्थौल्य, शस्त्रकर्म आणि आपला केसपेपर



मिरज ही रुग्णांची नगरी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय आणि १९६२ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, तसेच सीमेपलीकडील बेळगाव व विजापूर भागांतून रुग्ण येथील रेल्वेस्थानकावर उतरत आले. अशा गावात आयुर्वेदाची चिकित्सा करणाऱ्यास शल्यतंत्राकडे पाठ फिरवून चालत नाही. त्यांतही अलीकडे एक नवा प्रसंग आपल्या चिकित्सालयात वारंवार येऊ लागला आहे. आपण ज्याची स्थौल्यचिकित्सा करीत होतो तो रुग्ण एके दिवशी वजन घटविण्याच्या शस्त्रकर्माचा विचार घेऊन समोर बसतो. अशा वेळी वैद्याचे कर्तव्य कोणते, हे एका रुग्णेच्या निमित्ताने मला शिकावे लागले. ते शिक्षण माझ्याच एका उणिवेतून घडले, म्हणून ते येथे मांडणे मला अधिक आवश्यक वाटते.

रुग्णा आणि तिचे घर

रुग्णा ४२ वर्षांची, खाजगी शाळेतील शिक्षिका. उंची १५५ सें.मी., वजन ८९ किलो, म्हणजे देहभार निर्देशांक ३७. आठ वर्षांचा मधुमेह, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण ९.१. रात्री घोरणे, दिवसा वर्गात डुलकी, जिना चढताना धाप. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीस अवरोध, दौर्बल्य, दौर्गंध्य, स्वेदाचा त्रास, अतिक्षुधा, अतितृष्णा व मैथुनातील कष्ट हे ते होत. त्यांपैकी बहुतेक या बाईंच्या ठिकाणी होते. जानेवारी २०२३ पासून दीड वर्ष मी त्यांना रूक्ष उद्वर्तन, लेखन बस्ती, त्रिफळा, गुग्गुळ कल्प व पथ्य दिले. वजन पाच किलो उतरे आणि सणावारांत पुन्हा चढे. कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा अवघड, हा ग्रंथोक्त निर्वाळा पुन्हा अनुभवास आला.

घर एकत्र कुटुंबाचे. सासूबाईंच्या हातची भाकरी नको म्हणणे म्हणजे त्यांचा अपमान. श्रावणातला उपवास म्हणजे साबुदाणा आणि शेंगदाण्याचे कूट. मुलगी दहावीत, म्हणून रात्री तिच्याबरोबर जागरण आणि जागरणाबरोबर चहा-बिस्किटे. पुण्यातील एका शल्यतज्ज्ञांनी शस्त्रकर्म सुचविले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खाणं कमी केलं की झालं. त्यासाठी पोट कशाला कापायचं?" हा प्रश्न केवळ त्यांचाच नाही. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी हे शस्त्रकर्म करून घेतल्यावर मराठी घरांत त्याची चर्चा झाली खरी. तथापि पुढाऱ्याने केले तर तो उपचार आणि सुनेने केले तर ते खूळ, ही समजूत अद्याप गेलेली नाही.

विम्याची कसोटी

पतीच्या नावे कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी होती. पाच वर्षे हप्ते चुकले नव्हते आणि मुख्य म्हणजे प्रस्तावपत्रात मधुमेह प्रामाणिकपणे नोंदविला होता. तरीही जून २०२४ मध्ये पहिला अर्ज नाकारला गेला. कारण आपणा सर्वांनी नीट समजून घ्यावे असे आहे.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये विम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. त्यातील शब्दयोजनेनुसार स्थौल्यावरील शस्त्रकर्माचा खर्च मिळण्यास पुढील अटी आहेत. शस्त्रकर्म वैद्यकीय सल्ल्याने व मान्य चिकित्सापद्धतीच्या आधारे असावे. रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असावा. देहभार निर्देशांक ४० किंवा अधिक असावा. तो ३५ किंवा अधिक असेल, तर त्याबरोबर स्थौल्यजन्य हृद्स्नायुविकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी एक असावा, आणि वजन घटविण्याचे सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असावेत.

हे ३५ व ४० चे आकडे १९९१ साली अमेरिकेत झालेल्या तज्ज्ञपरिषदेचे आहेत. २०२२ साली या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलून ३५ पासून सर्वांना शस्त्रकर्माची शिफारस केली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ ही मर्यादा सुचविली, कारण आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह जडतो. शल्यतज्ज्ञ नव्या आकड्यावर बोलतो आणि विमा कंपनी जुन्यावर. रुग्ण या दोहोंच्या मध्ये सापडतो. म्हणून शस्त्रकर्माचा विचार करणाऱ्या रुग्णास पॉलिसीची प्रत, प्रतीक्षाकाल व अपवादांचे पान प्रथम वाचावयास सांगावे. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे.

आमच्या रुग्णेच्या नकारपत्रात एकच मुद्दा होता. सौम्य उपाय केले व ते अयशस्वी झाले, याचा पुरावा नाही. हे सौम्य उपाय कोणी केले होते? मी. आणि पुरावा कोणाकडे असावयास हवा होता? माझ्याकडे.

मी कपाट उघडले. दीड वर्षाचे २६ केसपेपर निघाले. त्यांवर कल्पांची नावे, मात्रा, अनुपान, पथ्य सारे होते. वजन मात्र अवघ्या तीन ठिकाणी. उंची कोठेही नाही. कंबरेचा घेर नाही. जे वजन मी दर भेटीत पाहत होतो, तोंडाने सांगत होतो, ते कागदावर उतरविण्याचा कंटाळा केला होता.

त्या संध्याकाळी रुग्णेचे पती आले. ते काकुळतीने म्हणाले, "डॉक्टर, मागच्या तारखा घालून वजनं लिहून द्या की. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे." दोन लाखांहून अधिक खर्चाचा प्रश्न होता आणि चूक माझी होती. मोह झाला, हे नाकारीत नाही. परंतु नंतर रचलेला कागद हा खोटा पुरावाच. तो उघडकीस आला तर दावा तर बुडतोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि पुढच्या प्रत्येक वैद्याच्या कागदावर संशय येतो. मी नकार दिला. ते काही न बोलता उठून गेले. तो नकार देताना मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके चिकित्सेत क्वचितच झाले असेल.

पुन्हा आरंभ

दोन दिवसांनी मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. जे कागदावर होते तेवढेच नमूद करणारे प्रमाणपत्र दिले. २६ भेटींच्या तारखा, चिकित्सेचे स्वरूप, तीन नोंदलेली वजने. सांगलीच्या फिजिशियनकडील जुन्या कागदांवर सुदैवाने वजन व साखर नियमित लिहिलेली होती; ती जुळविली. निद्रापरीक्षण करविले. आणि पुढील चार महिने दर पंधरवड्यास वजन, घेर, रक्तदाब, आहार व व्यायाम यांची सही-तारखेनिशी नोंद ठेवून चिकित्सा पुन्हा सुरू केली.

याच काळात त्यांनी विचारलेला एक प्रश्न मी विसरणार नाही. "डॉक्टर, तुमच्या औषधानं वजन ८४ च्या खाली गेलं तर मंजुरी जाईल. मग मी पथ्य पाळू की नको?" त्यांच्या उंचीस ३५ हा निर्देशांक म्हणजे ८४ किलो. विम्याच्या नियमाने रुग्णेस बरे न होण्याचे प्रलोभन दिले होते. मी म्हणालो, "पथ्य पाळा. औषधाने वजन उतरून साखर ताब्यात आली, तर शस्त्र लागणारच नाही, आणि ते आपले यशच होईल. नाही उतरले, तर त्याची नोंद तुमच्या उपयोगी पडेल. मुद्दाम वजन राखणे मात्र रोगाला राखणे आहे." चार महिन्यांनी वजन ८६.५ किलोवर थांबले, निर्देशांक ३६. साखर ८.८. औषधाने काही साधले, पुरेसे साधले नाही, आणि ते या वेळी कागदावर होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरा अर्ज मंजूर झाला. खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे काही रक्कम घरातून भरावी लागली. नकारच आला असता तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार आणि तेथे समाधान न झाल्यास वा महिनाभरात उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद, हा मार्ग होता. तो आपल्या रुग्णांस माहीत असावा.

पूर्वकर्म व पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले आणि उदर, अर्श, अश्मरी इत्यादींत रुग्णास उपाशी ठेवून कर्म करावयास सांगितले. प्रधानकर्म शल्यतज्ज्ञाचे. उरलेल्या दोहोंत वैद्यास मोठे काम आहे.

शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे अल्प पिष्टमय, प्रथिनयुक्त आहार देतात. त्यामुळे यकृताचा मेद व आकार घटून जठरापर्यंत पोहोचणे सोपे होते. तंबाखू सोडणे अपरिहार्य. आपल्या भागात स्त्रिया मशेरी लावतात व ती तंबाखू म्हणून सांगत नाहीत. ती स्पष्ट विचारावी. आपली औषधे सामान्यतः दोन आठवडे आधी थांबवावीत आणि भूलतज्ज्ञांस त्यांची संपूर्ण यादी लेखी द्यावी. गुग्गुळ व लसूण यांचे कल्प रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात, ज्येष्ठमधाने रक्तातील पोटॅशियम घटू शकते, अश्वगंधा गुंगीच्या औषधांत भर घालू शकते. वजन घटविण्याची नवी साप्ताहिक इंजेक्शने घेणाऱ्याचे जठर उशिरा रिकामे होते, तेही भूलतज्ज्ञांस कळलेच पाहिजे.

या रुग्णेचे जठर सुमारे तीन चतुर्थांश काढून नळीसारखे करण्यात आले. त्यानंतरचा आहारक्रम पाहून मला संसर्जनक्रमाची आठवण झाली. प्रथम पातळ द्रव, मग घट्ट द्रव, मग मऊ वाटलेले अन्न आणि काही आठवड्यांनी नेहमीचे अन्न. पेया, विलेपी, यूष ही भाषा घरच्यांस चटकन कळते. सासूबाईंस मी शस्त्रकर्माचे समर्थन सांगत बसलो नाही. "अग्नी नुकता पेटला आहे, त्यावर मोठे लाकूड टाकायचे नाही," एवढेच सांगितले. मुगाचे कढण करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि घरातला विरोध त्या पातेल्यात विरघळला.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी काही सूचना. अशा रुग्णास आसव-अरिष्टे देऊ नयेत. त्यांतील स्वयंजनित मद्यार्क बदललेल्या जठरातून झपाट्याने शोषला जातो. च्यवनप्राशासारखे साखरयुक्त अवलेह, विशेषतः बायपास झालेल्या रुग्णास, घाम, धडधड व जुलाब घडवू शकतात. सांधेदुखीसाठी मागितलेल्या वेदनाशामक गोळ्या शल्यतज्ज्ञांच्या परवानगीविना देऊ नयेत. जठरात व्रण होतो. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची पूरक औषधे आयुष्यभर लागतात. "आता बरी आहे" म्हणून ती बंद करणाऱ्यास हटकावे. प्रजननवयातील स्त्रीस साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगावे.

आणि एक इशारा. शस्त्रकर्मानंतरची सततची उलटी ही छर्दी म्हणून घरी चिकित्सा करण्याची गोष्ट नाही. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जातंतूंस कायमची इजा होऊ शकते. ताप, वाढलेली नाडी व पोटदुखी एकत्र दिसल्यास शिवण गळत असल्याचा संशय घेऊन तत्काळ पाठवावे.

उपसंहार

डिसेंबर २०२४ मध्ये शस्त्रकर्म झाले. मुलीच्या परीक्षेपूर्वी बाई शाळेत रुजू झाल्या. वर्षाअखेर वजन ६३ किलो आणि साखरेचा आकडा ६.१ झाला. केस गळले, दोनदा अशक्तपणाने निराश झाल्या, गणपतीत एका मोदकाने दिवसभर अस्वस्थ होत्या. शस्त्रकर्माने जठर बदलते, स्वभाव व सणवार बदलत नाहीत. म्हणून निदानपरिवर्जन पुढेही चालूच आहे, आणि ते आपले क्षेत्र आहे.

त्या दिवसापासून माझ्या चिकित्सालयात दाराशीच वजनकाटा व उंचीची पट्टी आहे. मदतनीस नोंद करतो, मगच केसपेपर माझ्यापुढे येतो. एप्रिल २०२४ पासून आयुष चिकित्सेसही विम्यात इतर चिकित्सांच्या बरोबरीने वागविण्याचे निर्देश आहेत. ती बरोबरी आपण कागदावरही सिद्ध केली पाहिजे. आपली चिकित्सा यशस्वी झाली तर नोंद आपल्या शास्त्राच्या उपयोगी पडेल. अयशस्वी झाली तर रुग्णाच्या. दोन्ही प्रसंगी ती लिहिणे आपल्याच हाती आहे.

इत्यलम्.